सात भोकांची चकती

सोमवार, ४ तारीख

प्रिय,

पत्राच्या डोक्यावर आधी 'विषय' आणि 'संदर्भ' लिहून मग ते खोडलं आहे. कागद उजेडात धरलास तर दिसेल. एकतीस वर्षं संग्रहालयाचा अभिरक्षक म्हणून पत्रं लिहिल्यावर हात आपोआप तिकडेच वळतो. तू फोन उचलत नाहीस, म्हणून लेकीने सुचवलं की आईला पत्र लिहा, आणि मुख्य म्हणजे पत्रात तिला काही समजावून सांगू नका. पहिली सूचना मी पाळतो आहे. दुसरीचं बघू.

घर उत्तम चाललं आहे. तू तुझ्या दादाकडे गेल्याला आज अकरा दिवस झाले. मला अंडं उकडता येतं, बटाटा उकडता येतो, आणि चहा तर रोज दोनदा करतो. तो रोज वेगळ्या रंगाचा होतो एवढंच. शेजारी विचारतात तेव्हा मी सांगतो की ती हवापालटाला गेली आहे. बत्तीस वर्षं इस्पितळात नोकरी केल्यावर माणसाला हवापालट लागतोच. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी तू कुठे गेली नव्हतीस. त्या रविवारच्या जेवणाचा आणि तुझ्या जाण्याचा संबंध जोडणं घाईचं होईल. पुरावा अपुरा आहे.

कामाचं सांगतो. नवं दालन तीस तारखेला उघडायचं आहे आणि मधल्या काचपेटीत अर्थातच आपली सप्तछिद्र चकती असणार. 'आपली' म्हणजे संग्रहालयाची. ती तुला ठाऊक आहेच: तळहाताएवढी, भाजलेल्या मातीची, सात भोकं आणि काठाला एक खाच. उत्खननात प्रत्येक घरात एक सापडली. सात भोकं म्हणजे सात दिशा आणि खाच म्हणजे सूर्योदयाची खूण, हे मी पंचवीस वर्षांपूर्वी मांडलं. तेव्हापासून ती संग्रहालयाचं बोधचिन्ह आहे. याच कागदाच्या डाव्या कोपऱ्यात बघ. आता संचालकांना चाळीस शब्दांची नवी पाटी हवी आहे. मी लिहायला बसतो आणि काहीतरी अडतं.

पत्राचं खरं कारण मात्र निराळं आहे. स्वयंपाकघरात चमचा शोधताना तिसऱ्या खणात आणि आसपास मला काही वस्तू मिळाल्या, त्यांचा उलगडा होत नाही. रीतसर नोंद करून ठेवली आहे.

वस्तू १. बारीक तार, वीतभर, एक टोक आकड्यासारखं वळवलेलं. टोकाला काजळी. बहुधा एखाद्या उपचाराची असावी, तुझ्या इस्पितळातून आली असावी.

वस्तू २. अर्धा तुटका कंगवा, दातांमध्ये पांढरा दोरा गुंडाळलेला. तुटल्यावरही जपून ठेवला आहे, त्यावरून भावनिक मूल्य उघड आहे. तुझ्या आईचा का?

वस्तू ३. गुळगुळीत दगड, मूठभर आकाराचा, स्वयंपाकघराच्या खिडकीत. एका बाजूला घासल्याच्या खुणा आहेत. कुणीतरी रोज हाताळत असणार. तुझी श्रद्धा आहे हे मला माहीत नव्हतं. आदराने उचलून कपाटात ठेवला आहे.

वस्तू ४. माझ्याच चकतीवरच्या निबंधाची छापील प्रत, आठ घड्या घातलेली, माझ्या लिहिण्याच्या टेबलाच्या मागच्या पायाखाली. ही पाहून मात्र मन भरून आलं. तू ती माझ्या कामाच्या जागी, माझ्या नकळत ठेवली होतीस. मी काढून इस्त्री केली आणि फाइलला लावली.

खुलासा कळवावा. कळवावास. कळव.

तुझा

*

शनिवार, ९ तारीख

प्रिय,

तुझं कार्ड मिळालं. चार वस्तू, चार ओळी, खाली सहीसुद्धा नाही. इस्पितळातल्या औषधाच्या चिठ्ठीवर तू याहून जास्त लिहायचीस.

तार शेगडीची भोकं साफ करायची आहे, हे मान्य. कालपासून शेगडी एकाच बाजूने का पेटते ते कळलं. कंगवा आईचा नसून बसस्टँडवर घेतला होता आणि त्याला दोरा गुंडाळला की गुंता होत नाही, हेही मान्य. दगड खिडकी आपटू नये म्हणून होता. पाच दिवस खिडकी आपटते आहे आणि मी वाऱ्याला बोल लावत होतो. चौथ्या वस्तूपुढे तू दोनच शब्द लिहिलेस: 'टेबल हलायचं.' हे पत्र लिहितानाही ते हलतं आहे, म्हणून अक्षर असं आलं आहे. निबंधाची घडी पुन्हा घालणं जिवावर येतं. सध्या पायाखाली संचालकांचा वार्षिक अहवाल आहे, पण तो जाड आहे आणि टेबल आता दुसऱ्या बाजूला कलतं.

हे वाचून तू हसली असशील तर बरंच आहे. दिव्याखाली अंधार म्हणतात तसं माझं झालं. तीन हजार वर्षांपूर्वीच्या बायका दळण कशावर दळत होत्या ते मी सांगतो, आणि माझ्या घरात खिडकी कशाने थांबते ते मला ठाऊक नाही.

तरीही पाचवी वस्तू पाठवल्यावाचून राहवत नाही, कारण ती खरोखर विलक्षण आहे. पत्र्याची गोल थाळी, बशीपेक्षा लहान. तिला तेरा भोकं आहेत, खिळ्याने एकाच बाजूने पाडलेली, मधे एक आणि भोवती बारा. बारा आणि एक, याकडे लक्ष दे. म्हणजे महिने आणि वर्ष असा काही हिशेब असावा. स्वयंपाकघरातल्या कोपऱ्यात, जिथे तू भांडी घासतेस त्या मोरीच्या तोंडावर ती पडलेली होती. आता एखादा नवशिका लगेच म्हणेल की जिथे सापडली तिथेच ती वापरात होती. माझ्या हाताखालच्या मुलांना मी पहिल्याच आठवड्यात शिकवतो की हा मोह टाळा. वस्तू घरंगळते, वाहून येते, फेकली जाते. जड वस्तू उताराकडे जातात आणि घरातला उतार मोरीकडेच असतो. चकत्यांच्या बाबतीतही हेच झालं होतं. सगळ्या न्हाणीच्या कोपऱ्यात सापडल्या, पण त्या मूळच्या देवघरातल्या, हे मी सप्रमाण दाखवलं आहे.

ती मी स्वच्छ धुतली, नंबराची चिठ्ठी बांधली आणि अभ्यासाला टेबलावर आणून ठेवली.

ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. मला हे घर तुझ्याशिवाय नको आहे. मी पत्रं वस्तूंविषयी लिहितो, पण तू परत यावंस म्हणून लिहितो. त्या रविवारी पाहुणे प्राध्यापक आणि संचालक जेवायला आले होते. तू चकतीविषयी काहीतरी म्हणालीस, मी त्यावर काहीतरी म्हणालो आणि सगळे हसले. तूही हसलीस असं मला वाटलं होतं. तू हसली नसशील तर तेवढं कळव, म्हणजे मला पुढचा विचार करता येईल.

तुझा

*

शुक्रवार, १५ तारीख

प्रिय,

हे पत्र खालच्या मजल्यावरच्या गाण्याच्या बाईंच्या घरातून लिहितो आहे. आपल्या स्वयंपाकघरात बसायला जागा नाही, तिथे पाणी आहे.

मोरी तुंबली. मंगळवारपासूनच पाणी हळू जात होतं आणि मी त्याचं निरीक्षण करत होतो. बुधवारी ते जायचं थांबलं. गुरुवारी गाण्याच्या बाई वर आल्या. शिकवणी चालू असताना त्यांच्या एका विद्यार्थिनीच्या डोक्यावर छतातून पाणी पडलं होतं. मला वाटलं बाई चिडतील, पण त्यांनी विचारलं ते एवढंच की वहिनी कधी येणार. मी म्हणालो, हवापालटाला गेली आहे. त्या म्हणाल्या, "हवापालटाला जाताना कुणी हिवाळ्याचे कपडे नेत नाही हो." नंतर त्यांनी स्वतःच प्लंबरला बोलावलं.

प्लंबर तासभर मोरीत हात घालून बसला होता. आतून निघालेल्या ऐवजाची यादी मी केली: दोन चमचे, अंड्यांची कवचं, बटाट्याची सालं बरीच, चहाचा चोथा त्याहून बराच, माझ्या चष्म्याचा स्क्रू, आणि संग्रहालयाचं एक पेनाचं टोपण. थराथराने सगळं बाहेर येत होतं. गेल्या आठवड्याभराचा माझा पूर्ण इतिहास त्यात होता. मग त्याने हात धुतले आणि विचारलं, "साहेब, हिची जाळी कुठंय?"

मी म्हटलं कुठली जाळी. तो म्हणाला, प्रत्येक मोरीला असते ती. मी म्हटलं आमच्याकडे नव्हती. त्याने मोरीच्या तोंडाभोवतीची गोल घासलेली खूण दाखवली. आमच्या वहिनींनी ती पत्र्याची स्वतः केलेली असणार, तिला साधारण बारा-तेरा भोकं असतील, तो म्हणाला. तेव्हा मी त्याला टेबलाशी नेलं. थाळी तिथे होती, 'वस्तू ५' अशी चिठ्ठी बांधलेली, भिंगाखाली.

तो हसला नाही, हे मला फार लागलं. त्याने चिठ्ठी सोडवून माझ्या हातात दिली आणि थाळी घेऊन निघाला. जाताना भिंतीवरच्या मोठ्या फोटोपाशी थांबला. चकतीचा फोटो, पाहुणे प्राध्यापकांनी दिलेला. "ही कुणाच्या मोरीची?" त्याने विचारलं.

मी त्याला पंधरा मिनिटं समजावून सांगितलं. सात दिशा, देवघर, उतारावरून घरंगळणं, सगळं. तो उभ्याने ऐकत होता, हातातून पाणी गळत होतं. माझं संपल्यावर त्याने फोटोतल्या खाचेवर तर्जनी ठेवली. खाच कशाला आहे म्हणालात, असं त्याने पुन्हा विचारलं. मी म्हणालो, सूर्योदयाची खूण. तो म्हणाला, "बोट घालून उचलायला आहे साहेब. नाहीतर साफ कशी करणार?" मग त्याने आत जाऊन जाळी बसवली आणि दुसऱ्या कामावर गेला.

काखेत कळसा नि गावाला वळसा, ही म्हण मी निदान शंभर भाषणांत वापरली असेल, दरवेळी दुसऱ्या कुणावर तरी.

आता ते लिहितो जे मी दोन पत्रं लिहिलं नाही. त्या रविवारी प्राध्यापकांनी चकतीची प्रतिकृती तुझ्या हातात दिली होती. तू ती एकदा फिरवून पाहिलीस, खाचेत बोट घातलंस आणि म्हणालीस, ही मोरीची जाळी आहे, ही खाच उचलायला. शब्दन्‌शब्द तेच, जे प्लंबर म्हणाला. आणि मी पाहुण्यांकडे बघून म्हणालो, "हिची सगळी विद्या मोरीपाशी येऊन संपते." ते हसले. तू नाही हसलीस. मला तेव्हाही दिसलं होतं की तू हसत नाहीस. तू ताटं उचलून आत गेलीस आणि आतून पाण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. मी प्राध्यापकांना आणखी वाढत होतो.

मला माफ कर. याच्या खाली काही सबब लिहावी असं हाताला वाटतं आहे, पण लिहीत नाही.

तुझा

*

शुक्रवार, २२ तारीख

प्रिय,

आठवडा झाला, तुझं कार्ड नाही. मागच्या पत्रानंतर तू काय लिहावंस हे मलाही सुचत नाही, तेव्हा तक्रार नाही. पोस्टमन मला बघितलं की लांबूनच मान हलवतो.

मी संचालकांना सांगितलं. त्यांच्या दालनात जाऊन, दार लावून, चकती ही मोरीची जाळी आहे असं स्वच्छ सांगितलं. ते वयाने माझ्या निम्मे आहेत आणि कुठल्यातरी हॉटेलांच्या साखळीतून इकडे आले आहेत. आधी त्यांना वाटलं मी रजा मागतो आहे. मग त्यांनी खिडकीतून फाटकाकडे बोट केलं. फाटकावर लोखंडाची चकती, पुरुषभर उंचीची. कपांवर चकती, पिशव्यांवर चकती, पहारेकऱ्याच्या टोपीवर चकती. इतक्या सगळ्या मोरीच्या जाळ्या आता काढायच्या कशा, असं त्यांनी विचारलं. पाहुण्यांना गूढ आवडतं, तुम्ही 'धार्मिक विधीसाठी' एवढंच ठेवा, बाकी लोक मनाने भरतील, असा त्यांचा सल्ला. मी त्यांच्यावर रागावलो नाही. वस्तू कळली नाही की 'विधी' म्हणावं, हे मीच त्या संग्रहालयाला शिकवलं आहे.

निघताना त्यांनी एक काम दिलं. जुन्या दालनात चकतीखाली एक लाकडी पेटी होती, आठवते? 'तुम्हाला काय वाटतं? चिठ्ठी टाका.' अठरा वर्षांपूर्वी मीच बसवली होती, लोकांना सहभागी करून घ्यावं म्हणून. किल्ली पहिल्याच वर्षी हरवली आणि लोकांना काय वाटतं ते बघायची मला कधी निकड भासली नाही. आता ती नव्या दालनात मांडायची होती. पहारेकऱ्याने पटाशीने झाकण उचकटलं.

दोनशे चौदा चिठ्ठ्या निघाल्या. मी आणि पहारेकरी दुपारभर वाचत बसलो. दिव्याचं झाकण, मिठाची डबी, खेळण्यातलं चाक, मणी ओवायचा साचा, गुन्हेगाराच्या गळ्यात बांधायचं वजन. एकाने लिहिलं होतं की हे परग्रहावरच्या लोकांचं बटण आहे, आणि खाली आपला पत्ता देऊन उत्तराची विनंती केली होती. नावाआधी पदवी लावणाऱ्या अकरा जणांनी 'विधी' लिहिलं होतं. सदतीस जणांनी 'मोरीची जाळी' लिहिलं होतं. त्या सदतीस चिठ्ठ्यांमध्ये पदवी एकालाही नव्हती, आणि अक्षरावरून सांगतो, बहुतेक बायका होत्या. पहारेकरी म्हणाला की त्यालाही पहिल्या दिवसापासून तसंच वाटत होतं. मग बोलला का नाहीस असं मी विचारलं, तर म्हणाला, "तुम्ही कधी विचारलंत?"

सदतिसावी चिठ्ठी तुझी होती.

तुझं अक्षर मी हजारात ओळखेन. औषधाच्या चिठ्ठीचा मागचा भाग, त्यावर तारीखही घातलेली, सवयीने. चौदा वर्षांपूर्वीची. 'मोरीची जाळी. घरी दोनदा सांगितलं. ऐकलं नाही.' मला ती दोन वेळा आठवत नाहीत. फार प्रयत्न केला. एकदा बहुधा मी वाचत होतो आणि एकदा बहुधा मी बोलत होतो. तू पुन्हा सांगायचं सोडून दिलंस आणि संग्रहालयात येऊन, बाकीच्या लोकांसारखी रांगेत उभी राहून, पेटीत चिठ्ठी टाकलीस. मग चौदा वर्षांनी, पाहुण्यांसमोर, तिसऱ्यांदा सांगून बघितलंस.

पहारेकऱ्याने विचारलं, साहेब, डोळ्यात काही गेलं का. मी म्हणालो, अठरा वर्षांची धूळ आहे.

तुझा

*

शुक्रवार, २९ तारीख

प्रिय,

उद्या दालन उघडतं आहे. पाटी मी लिहिली आणि छापखान्यातून परस्पर आणून आज काचपेटीत बसवली. संचालकांनी ती अजून पाहिलेली नाही. उद्या फीत कापल्यावर पाहतील, आणि सगळ्यांसमोर पाहतील, तेव्हा काढून टाकणं अवघड जाईल. एवढा धूर्तपणा माझ्यात आहे हे मलाही नवीन आहे. फार तर काय करतील? माझ्या निवृत्तीला पाच महिने उरले आहेत.

मजकूर असा आहे:

'मोरीच्या तोंडावरची जाळी. भाजलेली माती. सात भोकं पाणी जाण्यासाठी, खाच बोट घालून उचलण्यासाठी. प्रत्येक घरात एक सापडली. पूर्वी हिला पूजेची वस्तू मानलं जात असे. ती समजूत चुकीची होती. खरा उपयोग अभिरक्षकांच्या पत्नीने ओळखला.'

शब्द मोजलेस तर चाळीसच्या आत आहेत. 'समजूत' कुणाची होती ते लिहिलेलं नाही. ते लिहिण्याचा तीनदा प्रयत्न केला आणि तिन्ही वेळा शब्दमर्यादा आड आली, असं मी स्वतःला सांगितलं. पण शेवटचं वाक्य मला आवडलं आहे. तुझं श्रेय जगासमोर आलं, उशिरा का होईना. ते वाक्य मी गाण्याच्या बाईंना वाचून दाखवलं. त्या 'हं' म्हणाल्या. त्या बऱ्याचदा 'हं' म्हणतात.

उद्या ये असं म्हणायचा मला हक्क नाही. पण आलीस तर मला फार बरं वाटेल. नाही आलीस आणि कधीच आली नाहीस, तर मी या घरात वस्तू ओळखत बसेन आणि त्यांची बरोबर उत्तरं मिळूनही मला आनंद होणार नाही. मला भीती वाटते. इतकं साधं वाक्य मी तुला लग्नानंतर कधी लिहिलं नव्हतं.

जाळी रोज उचलून धुतो. खाच नसल्यामुळे जरा त्रास होतो.

तुझा

*

रविवार, १ तारीख

अहो,

हे तुमच्याच कार्यालयाच्या कागदावर लिहिते आहे. तिकीट खिडकीवरच्या बाईंनी दिला. पत्र त्या तुमच्या खोलीत पोचवतील. तुम्ही आत जेवायला बसला आहात असं कळलं, तर आधी जेवून घ्या.

काल मुद्दाम आले नाही. भाषणं असतात तेव्हा तुम्ही निराळे दिसता. आज सकाळच्या गाडीने आले, तिकीट काढलं आणि रांगेतून आत गेले. दालन छान झालंय. उजेड नीट आहे, बसायला जागा आहे. काचपेटीपाशी एक बाई नवऱ्याला म्हणत होती, बघ, मी म्हटलं नव्हतं? तो पाटी दोनदा वाचून म्हणाला, बरं. मला हसू आलं. पहारेकऱ्यांनी मला ओळखलं, पण बोलले काही नाहीत, टोपी काढली फक्त. संचालक लोकांना सांगत होते की ही पाटी त्यांचीच कल्पना. तेव्हा तुमची नोकरी शाबूत आहे.

तुमची सगळी पत्रं वाचली. पंधरा तारखेचं दोनदा वाचलं. माफी मागितलीत ते मला पोचलं, त्याबद्दल आता पुन्हा लिहू नका.

पण दोन गोष्टी राहिल्यात.

एक. काचपेटीतली जाळी उलटी ठेवली आहे. भोकं पाडताना ज्या बाजूला माती वर आली, ती खरखरीत बाजू खाली जायला हवी. वर राहिली तर केस आणि घाण अडकते आणि धुताना हात कापतो. गुळगुळीत बाजू वर. पंचवीस वर्षं उलटी ठेवलीत. फाटकावर पण उलटीच आहे, पण ती राहू दे, तिच्यातून पाणी जात नाही.

दोन. तुम्ही पाटीवर 'अभिरक्षकांच्या पत्नीने' लिहिलंय. मला हे तुमची बायको म्हणून कळलं नाही. तुमची बायको म्हणून मी तुमचा निबंध टाइप करून दिला होता, सात दिशांसकट. मला हे कळलं ते बत्तीस वर्षं वॉर्डात काढली म्हणून. आमच्या मजल्यावर सतरा मोऱ्या होत्या. कामावर हजर झाल्यावर मी पेशंटच्या आधी त्या बघायची. एकीची जाळी फुटली तर उंदीर वर येतो, आणि उंदराबरोबर काय काय येतं ते मी खाटांवर पाहिलंय. एकदा अशाच एका फुटक्या जाळीपायी आठवड्यात तीन मुलं गेली. तेव्हा पत्र्याला खिळ्याने भोकं पाडून मी पहिली जाळी केली. घरातली आहे ती त्याच हाताची.

त्या लोकांनी प्रत्येक घरात एक बसवली होती. श्रीमंताच्या घरात एक आणि गरिबाच्या घरात एक, असं तुमच्याच निबंधात आहे. म्हणजे कुणीतरी दारोदार फिरून त्या बसवायला लावल्या असणार. मुलं मरताना बघितलेली कुणीतरी असेल. तुम्ही 'पाणी जाण्यासाठी' एवढंच लिहिलंय. पाणी भोकातून तसंही जातं. जाळी असते ती खालून वर येणारं थांबवायला. हे पाटीत कुठेच नाही.

माझी विद्या मोरीपाशी येऊन संपते म्हणालात. वॉर्डात ती तिथून सुरू व्हायची.

तेव्हा पाटी पुन्हा लिहा. 'पत्नी' काढा आणि 'परिचारिका' लिहा. समजूत कुणाची चुकली तेही लिहा, चाळीस शब्दांत बसत नसेल तर पन्नास करा. मी बाहेर झाडाखालच्या बाकावर बसले आहे. पाचला दालन बंद होतं, दादाकडे जायची गाडी साडेसहाला आहे. घाई करू नका, पण पाचच्या आत लिहून घेऊन या. वाचते, आणि मग कुठल्या घरी जायचं ते ठरवते.